श्वासाच्या वाटेत दुर्बीण: ब्रॉन्कोस्कोपीला गुंगी कोणती आणि किती?

पाणी पिताना एखादा थेंब वाट चुकून श्वासनलिकेकडे गेला की काय होतं, ते प्रत्येकाला माहीत आहे. ठसका लागतो, डोळ्यांतून पाणी वाहतं, बोलता येत नाही, आणि तो थेंब बाहेर फेकला जाईपर्यंत शरीर दुसरं काहीही करू देत नाही. एका थेंबापायी एवढं महाभारत. ब्रॉन्कोस्कोपीत याच वाटेने पाच-सहा मिलिमीटर जाडीची लवचिक नळी आत जाते, स्वरयंत्राच्या दोन पडद्यांमधून पुढे सरकते आणि कधी दहा मिनिटं, कधी पाऊण तास आत राहते.

म्हणून "फुप्फुसात दुर्बीण घालून बघावं लागेल" असं डॉक्टर म्हणाले की पेशंटचा पहिला प्रश्न बहुधा रोगाबद्दल नसतोच. "मला झोपवणार ना?" हाच असतो. प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर नुसत्या हो-नाहीत देता येत नाही. झोपवण्यालाही पायऱ्या असतात, औषधं अर्धा डझन तऱ्हांची असतात, आणि जे औषध आराम देतं तेच दुसऱ्या हाताने काहीतरी काढूनही घेतं.

काय काढून घेतं, ते समजायला जठराच्या एंडोस्कोपीशी तुलना करून पाहू. तिथे नळी अन्ननलिकेतून जाते आणि श्वासाची वाट मोकळी राहते. ब्रॉन्कोस्कोपीत डॉक्टरांची नळी आणि पेशंटचा श्वास या दोघांना एकाच बोगद्यातून ये-जा करावी लागते. मोठ्या माणसाची श्वासनलिका साधारण पंधरा ते वीस मिलिमीटर रुंद असते, म्हणजे नळीच्या कडेने हवेला जागा उरते. पण पुढच्या फांद्या अरुंद होत जातात, नळी आतला स्राव ओढून घेताना थोडी हवाही ओढते, आणि तपासणीसाठी फुप्फुसाचा एखादा भाग सलाइनने धुतला तर तेवढा भाग काही काळ कामातून जातो. थोडक्यात, गुंगीचा एक थेंबही न देता ऑक्सिजन जरा खाली येऊ शकतो. त्यात ही तपासणी होते ती बहुधा ज्यांची फुप्फुसं आधीच आजारी आहेत अशांची. ज्यांचा श्वास मुळात तोकडा, त्यांनाच आपण श्वास मंद करणारं औषध देणार. गुंगी निवडताना डॉक्टर जो हिशेब मांडतात, तो सगळा या एका पेचाभोवती फिरतो: खोकला थांबवायचा, पण श्वास थांबू द्यायचा नाही.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. ब्रॉन्कोस्कोपी फारशी दुखत नाही. फुप्फुसाच्या आतल्या भागाला कापल्याची, चिमटा घेतल्याची वेदना कळतच नाही. त्रास होतो तो खोकल्याच्या उबळीचा, घुसमटल्याच्या भावनेचा आणि "आता माझा श्वास अडकणार" या भीतीचा. उपाय करायचे ते तीन गोष्टींवर: खोकला, भीती आणि नंतर उरणारी आठवण. तिन्हींवर सारखंच चालणारं एक औषध नाही. कोणतं औषध यातलं कोणतं काम करतं हे लक्षात ठेवलं की पुढची सगळी नावं सोपी वाटू लागतात.

आधी सुन्न करणं, मग गुंगी

गुंगीबद्दल बोलताना सगळे शिरेतल्या इंजेक्शनबद्दल बोलतात. माझ्या मते या तपासणीचा खरा भार वाहतो तो लिडोकेन, म्हणजे घसा आणि श्वासनलिका सुन्न करणारं साधं औषध. ते नीट लागलं तर गुंगी थोडक्यात भागते, आणि ते घाईत मारलं तर गुंगी कितीही वाढवा, पेशंट खोकतच राहतो.

या तपासणीचा जन्मच मुळी सुन्न करण्याच्या औषधामुळे झाला. १८९७ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्ग इथे गुस्ताव किलियान यांनी एका शेतकऱ्याच्या श्वासमार्गात अडकलेला हाडाचा तुकडा सरळ, ताठ नळीतून बाहेर काढला. तेव्हा घसा बधिर करायला त्यांनी वापरलं होतं कोकेन. लिडोकेन आलं बरंच नंतर. स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी ते १९४३ मध्ये तयार केलं. आणि १९६० च्या दशकात जपानच्या शिगेतो इकेदा यांनी वाकणारी, काचतंतूंची दुर्बीण आणली, तेव्हा कुठे पूर्ण भूल न देता, पेशंटला पलंगावर निजवून किंवा बसवून, ही तपासणी रोजच्या रोज करणं शक्य झालं.

प्रत्यक्षात लिडोकेन टप्प्याटप्प्याने लावतात. नळी नाकातून जाणार असेल तर नाकात जेल. मग घशात फवारा. तो कडू लागतो, आणि काही क्षणांत "गिळताच येत नाही" असं वाटायला लागतं. गिळता येत असतं, फक्त गिळल्याचं कळत नसतं. हे आधी सांगून ठेवलं तर पेशंट घाबरत नाही, न सांगता केलं तर पलंगावरच उठून बसतो. त्यानंतर दुर्बिणीतूनच स्वरयंत्रावर, श्वासनलिकेत आणि जिथे ती दोन फांद्यांत फुटते त्या टोकावर थोडं थोडं द्रावण सोडत पुढे जातात. खोकल्याचे सर्वांत जागरूक पहारेकरी स्वरयंत्रात आणि या फाट्यावर बसलेले असतात. द्रावण पडताना एकदा जोरात खोकला येतो, तो अपेक्षितच आहे. पहारेकरी झोपण्याआधी एकदा ओरडणारच.

लिडोकेन साधं आहे, पण निरुपद्रवी नाही, कारण ते तिथल्या आवरणातून झरझर रक्तात शिरतं. सर्वसाधारणपणे वजनाच्या दर किलोमागे सात-आठ मिलिग्रॅम ही वरची हद्द मानतात. आता पन्नास किलोच्या माणसाचा हिशेब करू. हद्द झाली ३५० ते ४०० मिलिग्रॅम. दोन टक्क्यांचं पाच मिलिलिटर जेल म्हणजे १००. दहा टक्क्यांच्या स्प्रेचा एक फवारा म्हणजे १०, असे दहा फवारे म्हणजे आणखी १००. दुर्बिणीतून दोन टक्क्यांचं दहा मिलिलिटर द्रावण म्हणजे २००. बेरीज झाली ४००, आणि अजून मुख्य तपासणी व्हायचीच आहे. त्यातला काही भाग थुंकीतून, सक्शनमधून बाहेर जातो हे खरं, पण त्या भरवशावर बसता येत नाही. यकृत किंवा हृदय कमजोर असेल, वय जास्त असेल, तर हद्द आणखी खाली येते. म्हणूनच हल्ली अनेक ठिकाणी दुर्बिणीतून दोनऐवजी एक टक्क्याचं द्रावण सोडतात. खोकला दाबण्यात दोन्हींत म्हणावा असा फरक दिसलेला नाही, आणि औषध मात्र निम्मं लागतं.

मात्रा चुकली तर तोंडात धातूची चव, ओठांना मुंग्या, कानात आवाज, मग स्नायू फडफडणं, झटके आणि शेवटी हृदयाचा ताल बिघडणं अशी घसरण होते. १९९६ मध्ये अमेरिकेत संशोधनासाठी ब्रॉन्कोस्कोपी करून घेणारी एक तरुण, पूर्ण निरोगी विद्यार्थिनी लिडोकेनच्या अतिमात्रेमुळे दगावली. तिला कसलाही आजार नव्हता. या औषधाचं एक-एक मिलिलिटर मोजायचं ते यासाठी.

जाता जाता दोन गोष्टी: नेब्युलायझरमधून लिडोकेन देण्याचा वेगळा फायदा दिसलेला नाही, एकूण मात्रा तेवढी वाढते. आणि स्राव आटवण्यासाठी आधी अॅट्रोपिनचं इंजेक्शन द्यायची जुनी पद्धतही नेहमीसाठी आता कोणी सुचवत नाही.

जिना नव्हे, घसरगुंडी

भूलशास्त्रात गुंगीच्या चार पातळ्या मानतात. हलक्या गुंगीत माणूस निवांत पण जागा असतो. मध्यम गुंगीत डोळे मिटलेले असतात, पण नावाने हाक मारली किंवा खांद्याला हात लावला की तो प्रतिसाद देतो आणि श्वास त्याचा तो घेतो. गाढ गुंगीत वारंवार हलवल्यावर किंवा चिमटा काढल्यावरच हालचाल होते, आणि श्वासाला मदत लागू शकते. पूर्ण भूल म्हणजे चौथी पातळी. तिथे कशानेच जाग येत नाही आणि श्वासाची जबाबदारी बहुतेक वेळा डॉक्टरांकडे जाते.

कागदावर या चार पायऱ्या दिसतात. प्रत्यक्षात ती घसरगुंडी आहे. त्याच मात्रेवर एकजण गप्पा मारत असतो आणि दुसरा घोरायला लागतो. दुर्बीण आत असते, खोकला चालू असतो, तोपर्यंत पेशंट दुसऱ्या पातळीवर असतो. दुर्बीण बाहेर काढली, टोचणी संपली की तोच माणूस त्याच औषधावर तिसऱ्या पातळीला उतरतो. म्हणून नियम असा की ठरवलेल्या पातळीच्या एक पायरी खाली पेशंट गेला, तरी त्याला सावरू शकतील अशी माणसं आणि साधनं खोलीत हवीत. नेहमीच्या लवचिक ब्रॉन्कोस्कोपीसाठी मध्यम पातळी हे लक्ष्य असतं. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीच्या २०१३ च्या मार्गदर्शनानुसार, काही अडचण नसेल तर पेशंटला शिरेतून गुंगी देऊ करावी. अमेरिकेतल्या छातीविकार तज्ज्ञांच्या २०११ च्या सहमतीपत्राचा सूरही तोच होता. देऊ करावी म्हणजे लादावी असं नाही. नुसत्या लिडोकेनवर तपासणी करून घेणारे आणि उठून स्वतःच्या पायांनी जाणारे लोकही असतात. छोटी तपासणी, शांत स्वभाव आणि सवयीचे हात एकत्र आले तर तो मार्ग वाईट नाही.

जुनी जोडी: मिडाझोलाम आणि फेंटॅनिल

जगभर सर्वाधिक वापरली जाते ती ही जोडी. मिडाझोलाम झोपेच्या गोळ्यांच्या कुळातलं. भीती घालवतं, आणि दिल्यानंतर घडलेलं मेंदूत नोंदवू देत नाही. खोकल्यावर मात्र त्याचा जोर चालत नाही. फेंटॅनिल हे मॉर्फिनच्या कुळातलं, पण त्याच्या सुमारे शंभरपट तीव्र. ते खोकल्याची उबळ दाबतं. भीती किंवा आठवण पुसण्याचं काम त्याचं नव्हे. म्हणून दोघांची जोडी जमते. पण श्वास मंद करण्यात दोघेही पटाईत, आणि एकत्र आले की परिणामाची नुसती बेरीज होत नाही, ती त्याहून मोठी होते. त्यासाठी दोन पथ्यं पाळतात. फेंटॅनिल आधी देऊन त्याचा अंमल चढू द्यायचा, मग मिडाझोलाम. आणि दोन डोसांमध्ये घड्याळाकडे बघत थांबायचं, कारण मिडाझोलामचा पूर्ण अंमल यायला काही मिनिटं लागतात. "अजून जागाच आहे, अजून एक द्या" अशी घाई केली तर दिलेले सगळे डोस एकदम चढतात. सत्तरीपुढच्या माणसाला तर तरुणाच्या निम्म्याहूनही कमी औषध पुरतं.

आता त्या विस्मरणाबद्दल थोडं सविस्तर, कारण पेशंटला याबद्दल फारसं कोणी सांगत नाही. तपासणीनंतर माणूस खुशीत म्हणतो, "मला काही कळलंच नाही." खरं तर त्याला कळत होतं. तो खोकत होता, हात हलवत होता, कदाचित "थांबा" अशी खूणही करत होता. त्याची नोंद राहिली नाही, एवढंच. काही डॉक्टरांना यात काहीच वावगं वाटत नाही, आणि पुन्हा तपासणी करायची वेळ आली तर पेशंट न घाबरता तयार होतो हा फायदा मोठाच आहे. तरीही मला वाटतं, हे आधी स्पष्ट सांगायला हवं: तुम्ही झोपणार नाही, पण बहुधा तुम्हाला आठवणार नाही. दोन्ही गोष्टी एक नव्हेत. बाहेर बसलेल्या नातेवाइकांना आतून खोकल्याचे आवाज ऐकू येतात आणि पेशंट बाहेर येऊन "छान झोप लागली" म्हणतो, तेव्हा गोंधळ होतो तो यामुळेच.

क्वचित मिडाझोलाम उलटंही वागतं. माणूस शांत होण्याऐवजी बडबडतो, हातपाय झाडतो. अशा वेळी आणखी मिडाझोलाम देणं म्हणजे आगीत तेल.

या जोडीची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे दोघांनाही उतारा आहे. मिडाझोलामला फ्लुमाझेनिल, फेंटॅनिलला नॅलोक्सोन. त्यातही एक मेख आहे: उताऱ्याचा अंमल मूळ औषधाच्या आधी ओसरू शकतो. पेशंट टक्क जागा होतो, सगळे निर्धास्त होतात, आणि तासाभराने तो पुन्हा गुंगीत जातो. उतारा द्यावा लागलेल्या पेशंटला लवकर घरी सोडत नाहीत, ते या कारणाने. मिडाझोलाम शरीरातून बाहेर जायला यकृतातलं एक विशिष्ट विकर (एन्झाइम) लागतं, आणि क्लॅरिथ्रोमायसिनसारखी प्रतिजैविकं किंवा बुरशीवरची इट्राकोनाझोलसारखी औषधं नेमकं त्यालाच अडवतात. छातीच्या पेशंटना ही औषधं चालू असणं अगदी नेहमीचं. तेव्हा गोळ्यांची यादी सोबत न्यावी, "चार-पाच गोळ्या आहेत, एक पांढरी आहे" असं सांगून भागत नाही.

दुधासारखं औषध

प्रोपोफॉलचं नाव अनेकांनी पहिल्यांदा ऐकलं ते २००९ मध्ये, मायकल जॅक्सन यांच्या मृत्यूच्या बातम्यांमध्ये. हे औषध पाण्यात विरघळत नाही म्हणून सोयाबीनच्या तेलात, अंड्यातल्या लेसिथिनच्या मदतीने मिसळलेलं असतं, आणि त्यामुळे दुधासारखं दिसतं. शिरेत जाताना चुरचुरतं. मिनिटाच्या आत माणूस झोपेत जातो, आणि औषध बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांत परत येतो, तोही बऱ्यापैकी ताजातवाना. मिडाझोलामनंतरचं ते तासन्‌तासाचं सुस्तावलेपण इथे नसतं. लांबणाऱ्या तपासण्यांसाठी हे सोयीचं.

पण त्याची खेळपट्टी फार अरुंद आहे. हव्या त्या गुंगीची मात्रा आणि श्वास थांबवणारी मात्रा यांत अंतर थोडं, रक्तदाब खाली येतो, आणि उतारा नाही. उतारा नाही याचा अर्थ असा: श्वास थांबला तर औषध उतरेपर्यंत कोणीतरी मास्कने किंवा नळीने श्वास द्यायचा, बस. ते काम सफाईने करू शकणारा माणूस तिथे नसेल तर प्रोपोफॉल वापरूच नये. बहुतेक ठिकाणी ते भूलतज्ज्ञाच्याच हातात ठेवतात. जॅक्सन यांच्या बाबतीत औषध भेसळीचं नव्हतं की दुर्मीळ नव्हतं. रोज जगभर लाखोंना दिलं जाणारं औषध घरी, पुरेशी देखरेख आणि साधनं नसताना, झोपेसाठी दिलं गेलं होतं.

उरलेले तिघे

डेक्समेडेटोमिडिन मला स्वतःला या सगळ्यांत सर्वांत वेधक वाटतं. मेंदूच्या देठात जागेपणा सांभाळणारं एक छोटं केंद्र आहे. हे औषध त्याला शांत करतं. परिणाम नैसर्गिक झोपेच्या जवळ जाणारा. हाक मारली की पेशंट डोळे उघडतो, सांगितलेलं ऐकतो आणि पुन्हा झोपतो. श्वासाला ते फारसं हात लावत नाही, आणि आपल्या मूळ पेचाचा विचार केला तर ही केवढी मोठी गोष्ट. मग सगळ्यांना हेच का देत नाहीत? कारण ते सावकाश चढतं, पहिला डोसच दहा मिनिटं घेऊन द्यावा लागतो, आणि उतरायलाही वेळ घेतं. नाडी मंदावते, कधी चिंता वाटावी इतकी, रक्तदाबही उतरतो. आठवण नीट पुसली जात नाही. वीस मिनिटांच्या कामासाठी एवढा खटाटोप अनेकांना परवडत नाही. पण ज्याचा श्वास दबला तर परवडणारच नाही, आणि ज्याचं हृदय मंद नाडी सोसू शकतं, अशा पेशंटसाठी ते विचारात घेण्याजोगं आहे.

केटामाइन १९६२ मध्ये तयार झालं. ते श्वास चालू ठेवतं, श्वासनलिका सैल करतं, रक्तदाब वाढवतं. म्हणजे इतरांच्या उलट वागतं. पण लाळ वाढवतं, जी इथे नकोच असते, आणि जागं होताना विचित्र भास होऊ शकतात. एकटं क्वचितच, बहुधा दुसऱ्या औषधाच्या जोडीने थोडंसं वापरतात.

रेमिमाझोलाम हे नवं. अमेरिकेत २०२० मध्ये छोट्या तपासण्यांसाठी परवानगी मिळाली. मिडाझोलामचाच धाकटा भाऊ, पण शरीर त्याला झटपट मोडून टाकतं, आणि उतारा तोच, फ्लुमाझेनिल. ब्रॉन्कोस्कोपीवरचा त्याचा एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चारशेहून जास्त पेशंट होते. गुंगी 'यशस्वी' ठरली रेमिमाझोलामच्या ८०.६ टक्के पेशंटमध्ये आणि मिडाझोलामच्या फक्त ३२.९ टक्क्यांमध्ये. आकडे वाचून कोणीही म्हणेल, मग मिडाझोलाम फेकूनच द्या. पण 'यश' कशाला म्हटलं होतं ते बघा: ठरावीक वेळात ठरावीक संख्येपेक्षा जास्त डोस लागले, किंवा दुसरं गुंगीचं औषध द्यावं लागलं, तर ते अपयश. शिवाय मिडाझोलामचे डोस बेताचे होते आणि ते कोणाला मिळतंय हे डॉक्टरांना माहीत होतं. रोजच्या व्यवहारात मिडाझोलामवर तीनपैकी दोन तपासण्या फसत नाहीत, हे कोणताही छातीविकार तज्ज्ञ सांगेल. त्याच अभ्यासातला मला जास्त विश्वासार्ह वाटणारा आकडा वेगळा आहे: तपासणी संपल्यावर पूर्ण जागं व्हायला रेमिमाझोलामवर साधारण सहा मिनिटं लागली, मिडाझोलामवर बारा. फरक खरा आहे, पण तो किती मोलाचा, हे त्या दिवशी बाहेर किती पेशंट रांगेत आहेत यावर ठरेल.

काम बघून गुंगी

औषधांची अशी एकामागून एक तुलना करताना निसटतं ते हे की निवड निम्मी ठरते ती आत काय करायचं आहे यावरून.

नुसतं बघायचं, धुऊन नमुना घ्यायचा, इतकंच असेल तर लिडोकेन आणि हलकी ते मध्यम गुंगी पुरते. फुप्फुसाच्या कडेजवळून चिमट्याने तुकडा घ्यायचा असेल तर पेशंट थोडा जागा असण्याचा उपयोगच होतो: फुप्फुसाला दुखत नाही, पण त्याच्या बाहेरच्या आवरणाला दुखतं. चिमटा आवरणापर्यंत पोचला तर जागा पेशंट लगेच कळवतो, आणि डॉक्टर चिमटा मागे घेतात. गाढ झोपलेला माणूस ही सूचना देऊ शकत नाही. तसंच श्वासनलिका सैल पडून श्वास सोडताना बंद होते का, स्वरयंत्राचे पडदे हलतात का, हे बघायचं असेल तर पेशंटने स्वतः श्वास घ्यायला, खोकायला, आवाज काढायला हवा. इथे जास्त गुंगी दिली तर आजारच दिसेनासा होतो.

सोनोग्राफी बसवलेल्या दुर्बिणीने छातीच्या मध्यभागातल्या गाठी सुईने तपासतात, ती ईबस. ही दुर्बीण जवळपास सात मिलिमीटर जाड, तोंडातून जाते, आणि काम लांबतं. गाढ गुंगीत नमुने चांगले मिळतात असं अनेकांचं मत होतं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे दीडशे पेशंटना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं मध्यम गुंगी आणि पूर्ण भूल अशा दोन गटांत वाटलं. निदान होण्याचं प्रमाण दोन्हीकडे साधारण ७० टक्केच निघालं. मध्यम गुंगीतल्या मोजक्या काही जणांची तपासणी मात्र अर्धवट सोडावी लागली. म्हणजे सवयीच्या हातांत मध्यम गुंगीने काम होतं, सगळ्यांचं नाही होत.

ताठ नळीची ब्रॉन्कोस्कोपी, मोठी गाठ काढणं, स्टेंट बसवणं, गोठवून तुकडा काढणं, लहान मुलांची तपासणी, इथे साधारणपणे पूर्ण भूल किंवा तिच्या जवळ जाणारी गुंगी. लेसर किंवा विजेने जाळायचं असेल तर ऑक्सिजन ४० टक्क्यांखाली आणून मगच सुरुवात करतात, नाहीतर श्वासनलिकेतच भडका उडू शकतो. संगणकाच्या नकाशावरून फुप्फुसाच्या टोकाजवळच्या बारीक गाठीपर्यंत पोचायचं असेल, तर पूर्ण भूल सोयीची, कारण श्वासाबरोबर लक्ष्य हलत नाही. पण पूर्ण भुलेत निजलेल्या माणसाच्या फुप्फुसाचे मागचे भाग दबून मिटायला लागतात, आणि आधी काढलेल्या सीटी स्कॅनमधली गाठीची जागा आणि आताची जागा जुळेनाशी होते. जास्त झोप म्हणजे जास्त अचूकता हे समीकरण इथेही पूर्णपणे टिकत नाही.

पहारा कोणाचा

पेशंटच्या बोटाला जो चिमटा लावतात, तो रक्तातला ऑक्सिजन मोजतो. हे तंत्र जपानच्या टाकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलं आणि गुंगीचं सगळं शास्त्र त्याने बदललं. पण त्याला एक आंधळा कोपरा आहे. नाकात ऑक्सिजनची नळी असेल तर श्वास मंदावला, अगदी थांबला, तरी काही वेळ आकडा ९८ दाखवत राहतो. शरीरात साठा असतो ना. दरम्यान कार्बन डायऑक्साइड साचत जातो, आणि तो या चिमट्याला दिसत नाही. बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र, कॅप्नोग्राफ, श्वास थांबल्याचं जवळपास त्याच क्षणी सांगतं. दीर्घकाळच्या श्वासविकारात, झोपेत घोरून श्वास अडणाऱ्यांत आणि गाढ गुंगीत ते असायलाच हवं असं माझं मत आहे.

यंत्रांपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे, पेशंटच्या श्वासाकडे लक्ष ठेवणं एवढंच काम असलेलं एक माणूस हवं. दुर्बीण धरलेल्या डॉक्टरांचे डोळे पडद्यावर असतात, मदतनिसाचे हात चिमट्यावर. तिसरं माणूस नसेल तर पहारा कोणीच देत नाही. त्यामुळे "कोणतं औषध देणार?" यापेक्षा "मी कितपत झोपेन, आणि त्या वेळी माझ्या श्वासाकडे कोण बघत असेल?" हा प्रश्न डॉक्टरांना विचारण्याजोगा.

आपल्याकडून सांगायचं ते असं: झोपेत घोरणं आणि मध्येच श्वास अडणं, रोजच्या झोपेच्या गोळ्या किंवा दारू (दोन्हींमुळे मात्रेचा अंदाज चुकतो), पूर्वी भुलेचा झालेला त्रास, हलणारा दात, अॅलर्जी, गरोदरपण. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा गुंगीशी थेट संबंध नाही, पण तुकडा घ्यायचा असेल तर तीच पहिली चौकशी. पोट रिकामं हवं: सर्वसाधारणपणे हलकं खाणं सहा तास आधी बंद आणि साधं पाणी दोन तास आधी बंद, नेमकी वेळ तिथले डॉक्टर सांगतील तीच. "चहाने काय होतंय" म्हणून घेतलेला दुधाचा चहा पाण्यात मोडत नाही, तो खाण्यात मोडतो.

गुंगी घेतल्यावर चोवीस तास गाडी चालवायची नाही, यंत्रावर काम करायचं नाही, कुठल्या कागदावर सही करायची नाही. माणसाला आपण ठणठणीत आहोत असं वाटतं, आणि डॉक्टरांनी काय सांगितलं हे मात्र त्याच्या लक्षात राहिलेलं नसतं; म्हणून निष्कर्ष ऐकताना घरचं कोणीतरी शेजारी असावं.

आणि घसा. तो तासभर, कधी दोन तास सुन्न असतो. या वेळात पाणी चुकीच्या वाटेने गेलं तर ठसकाच लागणार नाही. ते गुपचूप खाली उतरेल. म्हणून घशात संवेदना परत आल्यासारखी वाटली की ताठ बसायचं, आधी एकच छोटा घोट घ्यायचा, गिळायचा आणि दोन शब्द बोलून बघायचे. आवाज पाणावलेला, घुरघुरता आला तर पेला बाजूला ठेवून आणखी अर्धा तास थांबायचं.